किटोतला पाचवा दिवस

"तिकीट बदलू नको, आई! कितीदा सांगून राहिलो तुले!"

"बदललं गा. कालच बदललं. मंगळवारी येईन."

"मंगळवारी? अन् रविवारचं डोहाळजेवण?"

"माह्याच सुनेचं आहे. मले नको सांगू."

जितेंद्रनं मोबाइल समोर धरला होता; स्क्रीनवर त्याची आई, शोभाताई. शेजारी त्याची बायको करिष्मा पोट सावरत बसली होती. सातवा महिना. नागपुरात संध्याकाळचे सहा वाजलेले; तिकडे किटोत सकाळ. सासूबाईंच्या मागे लॉजची निळी भिंत, उघडं दार, दाराबाहेर चढत गेलेला दगडी रस्ता.

हिंगण्याच्या पंप कारखान्यात शोभाताईंनी सव्वीस वर्षं खोक्यांवर पत्ते चिकटवले. दर महिन्याला एक खोकं किटोला जायचं. नवरा गेला, त्या महिन्यातही गेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी घरात सांगितलं, भजनी मंडळासोबत काशीला चालले. आणि चार दिवसांसाठी एकट्याच किटोला, इक्वाडोरच्या राजधानीत, उतरल्या. परवा व्हिडिओ कॉलवर मागे बर्फाचा डोंगर दिसला आणि काशीचं बिंग फुटलं.

"खोक्यावरच्या त्या पत्त्यावर गेली होती," शोभाताई म्हणाल्या. "म्हातारा दुकानदार आहे. फोनच भाषांतर करते, त्याच्यात बोलून बोलून समजलं आमचं. रविवारी त्याच्या नातीचं नाव ठेवतात चर्चमध्ये. पुढच्या बाकावर बस म्हणे मले."

"अन् इथं लोकं विचारतील, सासू कुठं आहे!"

"स्वयंपाकघरात आहे म्हणून सांगजो. तिथंच असती ना मी?"

 करिष्माच्या मांडीवर सासूबाईंनी निघण्याआधी करून ठेवलेली यादी होती. खोक्यांवरच्यासारखं ठळक अक्षर. ओटी भरायला पाच सवाष्णी: पहिलं नाव यमुकाकूंचं. पाच खण, पाच नारळ कपाटात मोजून ठेवलेले. विधवेचं नाव त्यात येणार नव्हतंच. करिष्माला स्वतःचं लग्न आठवलं. ओवाळणीचं ताट सजवून, ते दुसरीच्या हातात देऊन पडद्याआड सरकलेली सासू.

तिनं मोबाइल ओढून घेतला.

"आई, पहिली ओटी तुम्ही भरा. नाही तर मी पाटावर बसतच नाही."

"करिष्मा!" जितेंद्र दबक्या आवाजात ओरडला. "यमुकाकू उठून जातील ना वं!"

"जाऊ दे. आई, या ना. तिकीट परत बदलते का पाहा."

शोभाताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. चेहरा एकदम स्क्रीनजवळ आला.

"तू सांग गा, जितेंद्र. येऊ?"

त्यानं यादीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, जणू यमुकाकू तिथंच उभ्या होत्या.

"ये ना, आई. भरजो ओटी. पाहुणे गेले की... मागून, हळूच. चालते ना?"

शोभाताई उठल्या. खुर्चीवरची शाल खांद्यावर घेतली.

"आई? चालते ना वं?"

स्क्रीनवर रिकामी खुर्ची उरली, आणि तिच्यामागे दार.