चेंबरचा बोल्ट आणि रेखावहिनी

रेखावहिनी गेली त्याला आता महिना होत आला. दादाचा फोन आला तेव्हा मी आरमोरीला, आमच्या अंगणात धान वाळत घालत होते. साध्या तापाचं निमित्त झालं, चंद्रपूरला दवाखान्यात नेलं आणि तिथं ती गेली, म्हणाला. मी तिथेच पोत्यावर बसले. रडू आलं, नाही असं नाही. पण त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की आता बाबांच्या गाडीखाली कोण जाणार? आणि लगेच दुसरं, आता मी! माणूस गेल्याची बातमी कानात ताजी असताना असलं काही सुचावं, याची तुम्हाला कदाचित शिसारी येईल. पण वहिनीविषयी लिहायचं तर सुरुवात हेव्यापासूनच करावी लागते. आमच्या दोघींमध्ये तो पहिल्या दिवसापासून मांडी घालून बसलेला होता.

बाबा भद्रावतीच्या कारखान्यात होते. नोकरीत असतानाच त्यांनी एक जुनी फियाट घेतली आणि तिला गॅरेजचं तोंड दाखवायचं नाही असं ठरवून टाकलं. आई लवकर गेलेली, त्यामुळे गाडी हेच आमच्या घरचं लाडकं माणूस. तिचं तेल बदलायचं म्हणजे आमच्याकडे सण असायचा. आधी तिला कारखान्याच्या फाटकापर्यंत फिरवून आणायची, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. मग पुढची चाकं विटांच्या चढावर घ्यायची, खाली सरकायचं आणि इंजिनच्या बुडाला, चेंबरला असतो तो बोल्ट सोडायचा, की जुनं काळं तेल घमेल्यात उतरतं. दादा अंगानं जाडा आणि मनानं आळशी, तेव्हा खाली नेहमी मीच. बोल्टच्या बाबतीत बाबांचा एक नियम होता. ज्यानं आवळला, पुढच्या वेळी त्यानंच सोडायचा. "दुसऱ्याच्या हाताचा जोर आपल्याले काय समजते?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बोल्ट माझा होता. लग्न होऊन मी आरमोरीला गेले तरी तेल बदलायचं काम माझ्या माहेरपणासाठी थांबायचं. सासरी कुणी टोचून बोललं की मी मनात म्हणायची, बोला काय बोलायचं ते, भद्रावतीत माझ्यावाचून एक गाडी अडून बसली आहे.

मग गडचांदूरची रेखा वहिनी होऊन आली. तिच्या घरी सायकलीपलीकडे काही नव्हतं. पान्याचं तोंड कोणतं हेही तिला ठाऊक नव्हतं. पण तिला मागता यायचं. "बाबा, मले शिकवा नं," ती सरळ म्हणाली. मी जन्मात असं म्हटलं नव्हतं. मला हाक यायची आणि मी जायची, एवढंच. त्या वर्षी एप्रिलात जयंतीला मी माहेरी आले तर गाडीखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर आलेल्या, आणि एका जोडीत पैंजण. पैंजण घालून कुणी गाडीखाली जातं का! बाबा हसत बाहेर सरकले. "ये ये! पाह्य, रेखानं सोडला बोल्ट!" तो मी आवळलेला बोल्ट होता. आपण आपलाच नियम मोडला हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी "अरे वा" म्हटलं, आत गेले आणि सगळ्यांना बिनसाखरेचा चहा करून दिला. वहिनीनं तो मुकाट्यानं पिऊन टाकला. भांडली असती तर बरं झालं असतं. हेवा करायला भांडकुदळ माणूस फार सोयीचं असतं, आणि ही बाई तेवढीसुद्धा सोय करून देत नव्हती.

पुढे एका पावसाळ्यात बाबा आजारी पडले, आणि दादानं कंटाळा करून गाडीचं तेल बाहेर गॅरेजात बदलून आणलं. तिथल्या माणसानं बोल्ट असा काही आवळला की तो पुढे हलेचना. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आले होते. बाबांचे गुडघे गेलेले, ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले आणि आम्ही दोघी खाली. वहिनीच्या आधी मी पाना हातात घेतला. एक हिसका, दुसरा हिसका... पाना सटकला आणि माझी बोटं चेंबरवर आपटली. बोल्टच्या कडा घासून गोल व्हायला लागल्या. "ताई, थांबा वो, सरकून राह्यला तो," ती म्हणाली. "मला शिकवू नको," मी म्हटलं. ती बाहेर जाऊन बोल्टला सगळीकडून धरणारा रिंगपाना आणि पाण्याच्या नळाचा एक तुकडा घेऊन आली. रिंग बोल्टवर बसवली, हातोडीनं दोनचारदा ठोकली आणि पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला. "मी रिंग दाबून धरतो, सटकाची नाई. पाइप तुम्ही ओढा. ताकद तुमचीच हाये." मी दात खाऊन ओढला. कर्र असा आवाज आला आणि बोल्ट सुटला. पुढचे आटे तिनंच बोटांनी फिरवले. गरम तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, पण तिनं बोल्ट घमेल्यात पडू दिला नाही. आणि तशीच ओरडली, "बाबा, ताईनं सोडला!"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट अंगाचा तिळपापड झाला. जे माझंच होतं ते हिनं मला ताटात वाढावं! बाबा ओसरीवरून म्हणाले, "दोघींनी सोडला नं? मंग दोघींनीच आवळा."

त्यानंतर तेल बदलायची वेळ आली की आरमोरीला वहिनीचा फोन ठरलेला. "ताई, कधी येता? गाडी थांबून राह्यली." मी फोन ठेवायची आणि घरात मिरवायची, बाबांचं माझ्यावाचून चालत नाही म्हणून. वहिनीला नुसतं फोन करायला ठेवलं आहे, असं मी धरून चालले होते, आणि त्यात मला भारी समाधान होतं. वर्षानुवर्षं मी त्या फोनवर भद्रावतीची एसटी धरत गेले. फक्त या पावसाळ्यात धानाच्या रोवणीमुळे जाता आलं नाही, तेव्हा या खेपेला तूच कर असं मी तिला फोनवर सांगितलं.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी मी बाबांजवळ बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बाबा, तेलासाठी मला बोलवायचंच असा तुमचा हट्ट होता ना..."

"माया हट्ट?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तं म्हणो तिले, तू एकटीच कर, कायले त्या पोरीले येवढ्या दुरून बोलावतं? ते आयकेच नाई. ताई आल्याबिगर हात नाई लावत म्हने."

मी उठून अंगणात गेले. इतकी वर्षं बापाची हाक म्हणून ऐकली ती तिची होती. बापानं मला बोलावलंच नव्हतं... राग आला. बाबांचा आला, तिचा तर फारच आला, आणि तो काढायला ती नव्हती.

हाताला काम हवं म्हणून मी गाडी फाटकापर्यंत नेऊन आणली, विटांवर चढवली आणि खाली सरकले. बोल्ट घट्ट होता. पावसाळ्यात तिनं एकटीनं आवळलेला. तिच्या हाताचा जोर किती हे मला पहिल्यांदाच कळत होतं. रिंगपाना बसवला, पाइप चढवला. रिंग दाबून धरायला कुणी नव्हतं, म्हणून डाव्या हातानं ती दाबली, उजव्यानं पाइप ओढला, आणि खूप वेळानं तो हलला. काळं तेल घमेल्यात पडू लागलं.

ओसरीवरून बाबांचा आवाज आला. सवयीचा, अगदी सहज.

"रेखा, सुटला का वं?"

माझे हात थांबले. तेव्हाही हेवा वाटला, खोटं कशाला सांगू... दादा घाईघाईनं ओसरीवर आल्याचा आवाज आला. तो बाबांना काही सांगायच्या आत मीच गाडीखालून ओ दिली.

"हो बाबा, सुटला."