मामांची रविवारची परात

ग्वाल्हेरात आजवर जेवढे चित्रकार होऊन गेले असतील, त्यांतल्या एकालाही आमच्या धाकट्या मामांइतका आत्मविश्वास नसेल आणि इतकं अपयशही कुणाच्या वाट्याला आलं नसेल. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते आठवडाभर बातम्यांत गाजलेल्या माणसाचा चेहरा मामीच्या मोठ्या परातीत डाळी-तांदळांनी काढतात. कातडीला तूरडाळ, केसांना काळे उडीद, ओठांना मसूर. पुढाऱ्यांना मात्र चण्याची डाळ, कारण "हे लोक जरा जाड दाण्याचेच असतात." दौलतगंजातल्या दुकानात वर्तमानपत्रातला फोटो डाळीशेजारी धरून ते रंग जुळवतात, एका क्रिकेटपटूसाठी तर त्यांनी चार दुकानं पालथी घातली होती. सोमवारी मामी त्या सगळ्याची खिचडी टाकते. आम्ही आजवर न्यायाधीश, गायिका आणि एक अंतराळवीर साजूक तुपाबरोबर खाल्लेत.

दुपारी परात दर्पण कॉलनीतल्या घराच्या ओट्यावर येते आणि येणाऱ्याजाणाऱ्याने चेहरा ओळखायचा असतो. तीन वर्षांत एकही कुणी ओळखला नाही. शेजारच्या भाभीजींनी एका केंद्रीय मंत्र्याला बघून, "ये तो अपने गैस वाले भैया हैं!" असं ठामपणे सांगितलं. मामा सगळ्यांत मोठ्याने हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत. मागच्या आठवड्यात मला म्हणाले, "बघ, या रविवारी पण कोणी नाही पहचानलं, तर बंद. परात तुझ्या मामीला वापस." मला फार वाईट वाटलं. परातीसाठी तीन वर्षं भांडणाऱ्या मामीनेसुद्धा परात घासूनपुसून त्यांच्यासमोर आणून ठेवली.

आणि त्याच आठवड्यात मामीने साठीपुढच्या बायकांच्या चालण्याच्या शर्यतीत पहिला नंबर काढला! पेपरात फोटोसकट बातमी आली. "आता तर बातमी घरातच बनली," म्हणत मामांनी रविवारी सकाळीच तिला गोरखीला बहिणीकडे धाडलं आणि दार लावून घेतलं.

चार वाजता परात ओट्यावर आली. भाभीजी फाटकातूनच ओरडल्या, "अरे, ये तो अपनी मामीजी हैं!" दूधवाल्याने ओळखलं. इस्त्रीवाल्याने तर सायकलवरून न उतरता ओळखलं. मामा प्रत्येकाला दोनदोनदा विचारत होते, "पक्का ना? कौन हैं?" आणि उत्तरागणिक एकेक पेढा देत होते. असा विजयोत्सव आमच्या गल्लीने कुठल्या निवडणुकीतही पाहिला नसेल.

संध्याकाळी मामी आली, परातीवर वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. उजव्या भुवईवर तांदळाची एक कणी तिरपी ठेवलेली होती. लहानपणी झोक्यावरून पडल्याची ती खूण.

"अहो, ही पेपरातल्या फोटोत कुठे होती?"

"पेपर कोणी बघितला?" मामा म्हणाले.

मामी तिथेच ओट्यावर त्यांच्याशेजारी बसली. मी घरी आलो आणि बायकोचा चेहरा उजेडात नीट न्याहाळला. तिच्याही हनुवटीखाली एक जुना व्रण आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि तो कसला, हे मला तिला विचारावं लागलं.