क्वचित उघडणारं पान

फोन विन्सेंटचा होता. "सुजाता, ग्लॅडिस गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची बायको, माझी मैत्रीण. मळलेली कणीक मी झाकून ठेवली आणि खुर्चीत बसले. रडू आलं नाही. तिचं दुखणं बघून बघून आम्ही सगळेच थकलो होतो, आणि मनात कुठेतरी त्या फोनची वाट बघत होतो, हे खरं...

अंधेरीच्या एका कंपनीत आम्ही दोघी शेजारी बसून म्हाताऱ्या व्हायला आलो होतो. रुग्णालयांच्या खिडक्यांवर चालणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. रुग्ण दाखल करायचं पान, बिलाचं पान, औषधांचं पान, अशी शेकड्यांनी पानं. प्रत्येक पानाचा एक साचा असतो आणि वापरण्याआधी तो सर्व्हरला कळेल अशा रूपात आणावा लागतो. त्याला आम्ही कम्पाइल करणं म्हणतो. नवी आवृत्ती चढवताना हे काम आधीच उरकता येतं. नाही उरकलं, तर जो माणूस ते पान पहिल्यांदा उघडेल त्याला ताटकळावं लागतं, आणि साच्यात चूक असेल तर तीही त्याच्याच समोर उघडी पडते. ग्लॅडिसला हे मुळीच खपायचं नाही. मरोळच्या गावठाणातली ती, तोंडाने फटकळ. म्हणायची, "गिऱ्हाईक जेवायला बसल्यावर डाळ भिजत घालतेस काय गं?"

पण सगळी पानं उरकायला पाऊण तास लागायचा. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी हुशारी केली. जी पानं जास्त उघडली जातात तेवढीच आधी कम्पाइल करायची, बाकीची रामभरोसे. सगळ्यांना ते झकास वाटलं. मग एका सकाळी घाटकोपरच्या एका रुग्णालयातून फोन आला. मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं पान उघडतच नव्हतं. बिलाच्या मानाने ते उघडतं तरी किती, म्हणून मागे राहिलेलं, आणि नेमकी त्यातच चूक. खिडकीपाशी एक मुलगी आईला न्यायला आली होती, आणि तिला "सिस्टम बंद आहे, थांबा" असं सांगत होते. ग्लॅडिस रिक्षा करून तिथे गेली. तिथे जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, दुरुस्ती आमच्याकडूनच व्हायची होती. काम होईपर्यंत ती नुसती त्या मुलीशेजारी उभी राहिली. परत आली ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये. "सगळी पानं. एकूण एक. नाहीतर माझ्याकडून आवृत्ती चढणार नाही, काय करायचं ते करा." साहेबांनी फार ताणलं नाही.

ती गेल्याला महिना झाला तेव्हा तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना होती; त्यानंतर विन्सेंट चर्चबाहेर माझ्याशी बोलला. "रुग्णालयातून तिला घरी आणायला काही त्रास झाला नाही गं. मुलाने खिडकीवर नाव सांगितलं, तिथल्या माणसाने बटण दाबलं, कागद हातात. तुमचंच सॉफ्टवेअर आहे ना तिथे?" मी हो म्हटलं.

नंतर काही दिवसांनी आमच्या नव्या साहेबाने मला बोलावलं. पोरगा चांगला आहे, नम्र आहे. "मॅम, हा पाऊण तास वाचवू या ना. जी पानं कोणी फारशी उघडतच नाही, ती आधी कशाला करायची?" मला भांडायचं नव्हतं. आता अंगात तेवढी धमक नाही, आणि भांडणं हे ग्लॅडिसचं काम होतं, माझं कधीच नव्हतं. "बघू" म्हणून उठणार होते. पण तोंडून निघालं, "त्यातलं एक पान आपल्या ग्लॅडिससाठी उघडलं होतं. तिच्या मुलाला थांबावं लागलं नाही." तो म्हणाला, "ठीक आहे मॅम, राहू दे."

तर पाऊण तास राहिला. गेल्या आठवड्यात आम्ही नवी आवृत्ती चढवली. पानं तयार होत असताना दुसरं काम हातात घ्यायचं नाही, हा ग्लॅडिसचा नेम होता. एखादं पान अडकलं तर तिथल्या तिथे बघता आलं पाहिजे. तेवढ्या वेळात आम्ही बोलायचो. माझा घटस्फोट, तिच्या सासूची कुरकुर, सगळं त्या पाऊण तासात. रिपोर्ट वाईट आल्याचंही तिने तेव्हाच सांगितलं, पडद्यावरची नजर न काढता... "बाय, काय खरं नाय माझं." तिचा नेम मी मोडला नाही. दुसरं काही हातात न घेता बसून राहिले. पानांची नावं एकामागून एक वर सरकत होती, शेजारच्या खुर्चीत कोणी नव्हतं, आणि मला वाटलं, त्या पोराला हो म्हणाले असते तर बरं झालं असतं.