माघातला मलेरिया

नत्थुजीनं माघात आमचा पान्याचा भरला ड्रम नालीत ओतला. नळ तिसऱ्या दिवशी येते, अन् या मानसानं ड्रम उपडा केला! मी तोंड सोडलं. तो ऐकते कुठं? बॅटरी लावून ड्रमच्या बुडाशी डासाच्या अळ्या हुडकत बसला.

नत्थुजी आमचा चांदूर बाजारातला शेजारी. तीस वर्षं मलेरियाच्या खात्यात होता. गावोगाव फिरून तापाच्या मानसाच्या बोटाले सुई टोचायची, रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या. गोळी देऊन निघून येनारा तो नव्हे. गीळ, तोंड उघड, जीभ वर कर, असं करून पाहायचा. बाया त्याले दुरून पाहूनच जीभ वर करत. रिटायर झाला तरी त्याच्या घरची सारी भांडी दर शनिवारी पालथी. अशा घरात त्याच्या बायकोले, माणिकबाईले, ताप आला. रक्त तपासलं तर मलेरिया.

नत्थुजी पार चक्रावला. घरात डास नाही, उघडं पानी नाही, माणिकबाई दिवाळीपासून गावाबाहेर गेली नाही. मंग चावलं कोन? म्हनून आमचा ड्रम, मंग मागच्या गल्लीतले रांजन. आमचे हे म्हनत, याचं डोस्कं फिरलं. मले समजे ना, चिडावं का कीव करावी.

तिकडं माणिकबाई तीन गोधड्यांत कापून राह्यली होती. शेवटी मीच दोघांले अमरावतीले घेऊन गेली, राजापेठेत डॉक्टर देवश्रीबाईकडं. बाईनं विचारलं, आधी कधी ताप आला होता काय? नत्थुजी म्हने, नवरात्राच्या तोंडावर आला होता, तवाबी मलेरियाच निघाला, मी चौदा दिवसांच्या गोळ्या आनून दिल्या, ताप तीन दिवसांत उतरला.

बाईनं मंग समजावलं. डास चावला की मलेरियाचा जंतू आधी लिव्हरात जाते, तिथल्या पेशीत घुसून वाढते, मंग रक्तात उतरते. तवा ताप येते. पन हिच्या रक्तात निघाले त्या जातीचे काही जंतू लिव्हरच्या पेशीतच निजून राहतात. ताप नाही, दुखनं नाही, रक्तात दिसत नाहीत. महिन्यांनी उठतात. चौदा दिवसांच्या गोळ्या त्या निजलेल्यांसाठीच असतात. मी विचारलं, पन त्यायले उठवते कोन? बाई म्हने, ते अजून नीट कोनालेच ठाऊक नाही. घ्या!

नत्थुजी म्हने, चौदा तर तवाच झाल्या.

"पाचच झाल्या," माणिकबाई खाली पाहून बोलली.

पाचव्या दिवशी घट बसले होते. तिचे नऊ दिवस एक लवंग अन् पान्यावर. उपाशीपोटी गोळीनं पोटात कालवलं, अन् ताप तर उतरलाच होता. उरलेल्या गोळ्या तिनं देवाच्या फळीवर ठेवल्या, त्या तिथंच राह्यल्या.

"मले काहून नाही सांगितलं?"

"साऱ्या मुलखाच्या बायांची जीभ पायली तुमी. माही कवा पायली?"

 दुसऱ्या दिवशी नळ आला तवा नत्थुजीनं बादल्या वाहून आमचा ड्रम भरला. मले रागवाचं होतं, जमलं नाही.

नव्या गोळ्या सुरू झाल्या. सातव्या दिवशी महाशिवरात्र आली, माणिकबाईचा निरंकार उपास. नत्थुजीनं स्वतः भात शिजवला, कच्चाच राह्यला थोडा, अन् तिच्या पुढ्यात ठेवला. जन्मात पहिल्यांदा तिनं तो उपास मोडला. भात खाल्ला, गोळी गिळली, अन् कोनी न सांगता तोंड उघडून जीभ वर केली.

नत्थुजी वाकून पाहत राह्यला. पन त्याले काय दिसनार? त्याचे डोये भरून आले होते.