साडूंचा भाव सांगणारा मोबाईल

ब्रह्मदेवाने आजवर जेवढी माणसं घडवली, त्यांत आमच्या साडूंइतका भाव विचारणारा माणूस दुसरा नसावा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. भोरला त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. टायपिंगला कुणी फिरकेना, तेव्हा त्यांनी पाटीवरचं 'टायपिंग' खोडून 'कॉम्प्युटर' रंगवून घेतलं आणि पाटीचा रंग वाळायच्या आत ते संगणकतज्ज्ञ झाले. पुढे ते खरोखरच शिकले, हेही सांगायला हवं. पण भाव विचारणं ही मात्र जन्मजात विद्या. विकत घेणं नव्हे, विचारणं. मंडईत शिरले की पहिल्या टोपलीपासून शेवटच्या टोपलीपर्यंत चौकशी करत जायचे आणि सगळ्यात स्वस्त मेथी पहिल्याच बाईकडे होती असा निष्कर्ष काढून परत यायचे. तोवर ती बाई घरी गेलेली असायची. "पण भाव तर कळला!" असं म्हणत ते रिकामी पिशवी घेऊन घरी येत आणि ताई मुकाट्याने पिठलं टाकत. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी अंतरपाटाआडून भटजींना 'बँडवाले किती घेतात हो?' असं विचारलं होतं, असं आमचे सासरे शपथेवर सांगत. मला टायफॉइड झाला तेव्हा ते दवाखान्यात भेटायला आले. माझी विचारपूस करायच्या आधी त्यांनी सलाईनची बाटली निरखली आणि म्हणाले, "हीच बाटली समोरच्या मेडिकलमध्ये स्वस्त आहे." सिस्टरांनी चिडून सुई उपसली नाही, हे माझं नशीब.

मी तेव्हा साबण आणि कपडे धुण्याची पावडर पुरवणाऱ्या एका एजन्सीत सेल्समन होतो. नसरापूर, कामथडी, सारोळे आणि अधूनमधून वेल्हे असा माझा फेरा असे. प्रत्येक दुकानदाराचं पालुपद एकच, "दुसऱ्या कंपनीचा माल तुमच्यापरीस स्वस्त हाय." खरं की खोटं, कळायला मार्ग नाही. एकदा साडूंकडे जेवताना मी हे रडगाणं गायलो. मोबाईल नुकते लोकांच्या खिशात येऊ लागले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. साडूंनी हातातला घास ताटात ठेवला.

"पाहुणे, तुम्ही दुकानात उभे आहात. दुकानदार म्हणतो, स्वस्त आहे. तुम्ही काय करायचं? तिथूनच माझ्या कॉम्प्युटरला मेसेज पाठवायचा. कॉम्प्युटर सगळ्या कंपन्यांचे, सगळ्या गावांचे भाव तुम्हाला उलट पाठवील. दुकानदाराचं तोंड बंद!"

"आणि कॉम्प्युटरला ते भाव कोण सांगणार?" माझ्या बायकोने विचारलं.

साडूंच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं की ताईंनी घाबरून कपाळाला हात लावला. आयुष्यभर निष्काम भावनेने केलेल्या तपश्चर्येला देव प्रसन्न झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून क्लासला कुलूप आणि साडू मोपेडवर. गावोगावच्या दुकानांत जायचं, प्रत्येक वस्तूचा खरेदीचा भाव विचारायचा, काही न घेता निघायचं. डोळ्यांवर चष्मा, खिशाला पेन, चेहऱ्यावर कमालीचं गांभीर्य. कामथडीत एकाने त्यांना सेल्सटॅक्सचे साहेब समजून आत बसवलं, चहा-भजी खाऊ घातली आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, आमी गरीब मान्सं. हितं काय बी सापडायचं न्हाई." बातमी वाऱ्यासारखी पसरली. वरवे गावात साडूंची मोपेड दिसताच शटरं धडाधड खाली आली. "व्यापारी वर्गात जागृती नाही," असा शेरा मारून साडू संध्याकाळी पुन्हा तिथे गेले, या वेळी ताईंना मागे बसवून. बाईमाणूस बरोबर असलेला सेल्सटॅक्सवाला कुणी पाहिलेला नव्हता. भाव मिळाले.

मग यंत्र उभं राहिलं. कॉम्प्युटरला वायरने एक मोबाईल जोडलेला. तो मोबाईल त्यांनी ताईंच्या वाढदिवसाला आणला होता, आणि ताईंनी त्याला हात लावायच्या आत तो देशकार्याला जुंपला गेला. प्रत्येक वस्तूला साडूंनी इंग्रजी अक्षरांची एक खूण ठरवली होती. ती लक्षात ठेवण्यापेक्षा रामरक्षा पाठ करणं सोपं. वेल्ह्यात रेंज म्हणाल तर फक्त एसटी स्टँडमागच्या टेकाडावर. दुकानदाराला "जरा थांबा" म्हणून मी टेकाड चढायचो, मेसेज पाठवायचो, उत्तराची वाट बघत बाभळीच्या सावलीत बसायचो आणि खाली येईतो दुकानदार जेवायला गेलेला असायचा. एकदा धुण्याच्या पावडरीचा भाव विचारला तर सरकी पेंडीचा आला. "बघा, किती विस्तृत माहिती आहे!" साडू फोनवर म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण साडूंनी परस्पर आमच्या एजन्सीच्या मालकांना गाठलं, मालकांनी कौतुकाने कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना सांगितलं आणि ते दोघंही प्रात्यक्षिक बघायला नसरापुरात हजर झाले. जागा ठरली रशीदभाईंचं किराणा दुकान. रशीदभाई म्हणजे आमचं जुनं, चोख गिऱ्हाईक. त्यांनी खुर्च्या मांडल्या, सरबत केलं. क्लासवर कॉम्प्युटरपाशी ताईंना बसवून साडू स्वतः इस्त्रीच्या शर्टात आले होते.

साहेब म्हणाले, "आपल्याच पावडरीचा भाव विचारा."

मी मेसेज पाठवला. मनातून मला सरकी पेंडीची खात्री होती. पण यंत्राने आयुष्यात पहिल्यांदा ताबडतोब उत्तर दिलं आणि तेही बिनचूक. रशीदभाई चष्मा वर करून माझ्या खांद्यावरून वाचू लागले. नसरापूरचा भाव त्यांना पाठच होता. खाली सारोळ्याचा होता.

"आँ? तुमचाच माल सारोळ्याला कमी भावानं, आन् मला जादा?" रशीदभाई म्हणाले. "इतक्या वर्सांचा यवहार आपला. ही कंची रीत म्हनायची?"

हायवेवरच्या सारोळ्याच्या एका मोठ्या दुकानदाराला मालकांनी गुपचूप कमी भाव लावून दिला होता. कंपनीची याला सक्त मनाई होती. हे उघडकीला आलं तर एजन्सीच जायची. माल पोचवायचो मी, भाव ठरवायचे ते. साहेबांचा चेहरा कडक झाला. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेतच मला कळलं की आता सगळं माझ्या गळ्यात पडणार.

"मला यातलं काही ठाऊक नाही," मालक म्हणालेच. "हे फिरतात त्या भागात. परस्पर काही केलं असेल तर..."

घरात बायको, दोन शाळेत जाणारी पोरं.

तेवढ्यात साडू खुर्चीवरून उठले. "साहेब, त्यांचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "आकडा मीच चुकीचा भरलाय. सारोळ्याचा भाव मी विचारलाच नव्हता. अंदाजाने टाकला."

"अंदाजाने?" साहेब.

"हो. कंटाळा आला होता."

ज्या माणसाने बोहल्यावरसुद्धा भाव विचारायचा कंटाळा केला नाही, तो भर बाजारात हे सांगत होता. साहेब क्षणभर बघत राहिले आणि मग हसले. मालकही हसले, जरा जास्तच मोठ्याने. रशीदभाई म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, व्हतं आसं," आणि सरबताचा दुसरा पेला त्यांच्यापुढे सरकवला. साहेब जाताना म्हणाले, "छंद म्हणून ठीक आहे. पण धंद्यात असं चालत नाही." साडूंनी मान डोलावली आणि सरबत संपवलं.

परतताना मी मोपेडवर मागे बसलो होतो. कापूरहोळला चहाला थांबलो. साडू कपाकडे बघत हळूच म्हणाले, "आकडा बरोबर होता, पाहुणे. सारोळ्याला मी दोनदा जाऊन विचारला होता."

"मला माहीत आहे."

"हिला सांगू नका. मी खोटं बोललो कळलं तर तिला वाईट वाटेल."

क्लासवर पोचल्यावर त्यांनी वायर काढली, मोबाईल पुसून ताईंच्या हातात दिला आणि यंत्र गुंडाळून ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं बाजारात त्यांची थट्टा होत राहिली. रशीदभाई मला दर फेरीला म्हणायचे, "मास्तर मानूस सोन्यासारखा, पन आकड्याला कच्चा." मी काही बोलायचो नाही. साडूंनी तसं वचनच घेतलं होतं. ते स्वतः मात्र थट्टेत सामील व्हायचे, सगळ्यांहून मोठ्याने हसायचे आणि घरी येताना गल्लीच्या वळणावर जरा गप्प व्हायचे.

आता साडू पुण्याला मुलीकडे असतात. गुडघ्यांमुळे फारसं बाहेर पडत नाहीत. मालक गेले, एजन्सी बंद झाली, मीही नोकरीतून मोकळा झालो. हे वाचून ते मला फोन करून रागावतील. ताई त्यांच्याशी दोन दिवस बोलणार नाहीत. पण कुणीतरी एकदा लिहून ठेवायला हवं होतं. त्यांचं यंत्र चालत होतं.