मांडीत दबलेला सूर

मुखड्याचा शेवटचा सूर लागला, पण गोधडीखालून कुणी बोलावं तसा. तबलजीनं माझ्याकडं पाहिलं. मी मुखडा पुन्हा घेतला. पुन्हा तेच.

लातूरला एका वकिलांच्या माडीवर दुपारची बैठक होती. निजामाचं राज्य, चार माणसं जमवायची तरी परवानगी लागायची. वकीलसाहेबांनी खटपट करून ती दिवेलागणीपर्यंतची मिळवली होती. मी नांदेडला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. हे वाद्य वरातीचं, शास्त्रीय बैठकीत त्याचं काय काम, असं समोर बसलेले शंकरबुवा उघड म्हणायचे. बुवा त्या भागातले मोठे गवई. त्यांना पटलं तर मला बैठकीत जागा मिळणार होती. नाही तर जन्मभर वराती.

मी स्वतः बांधलेली गत आणली होती. गत म्हणजे वाद्यावर वाजवायची, तालात बसवलेली रचना. फिरून फिरून जिच्यावर यायचं ती तिची ओळ म्हणजे मुखडा. माझा मुखडा क्लॅरिनेटच्या सगळ्यात खालच्या सुरावर येऊन थांबायचा. त्या सुरावर माझा फार जीव. सहा महिने घोटला होता, बँडवाल्याच्या सवयीनं उभ्यानं.

चूक तिथंच झाली. तो सूर सगळी भोकं बंद केल्यावर खालच्या भोंग्यातून निघतो. इथं मी मांडी घालून बसलेलो, आणि भोंगा धोतरात रुतलेला. वाद्य पुढं उचलून धरलं, तर फुंक बिघडून सूर चिरकला.

वकीलसाहेब कानाशी येऊन म्हणाले, ही राहू दे, नेहमीतली एखादी वाजव. उभं राहावं तर बँडवाला तो बँडवालाच, हे मीच दाखवून देणार. पण माझी गत अशी मुकी ठेवून नांदेडला परतायचं मला जमणार नव्हतं. मी उठलो.

"वरात हाय का ही?" बुवा म्हणाले.

"न्हाई बुवा. ह्याचा सूर खालून निघतो, तो मांडीत दबून राहिलाय. एकडाव उभ्यानं ऐका. न्हाई पटलं तर पुन्हा बैठकीचं नाव काढणार न्हाई."

तबलजीनं ठेका धरला. या वेळी तो सूर माडीभर पसरला. मला भरून आलं, पण फुंक मोडेल म्हणून आवरलं. तिसऱ्या आवर्तनाला बुवांचा हात गुडघ्यावर ताल धरायला लागला.

गत संपल्यावर ते म्हणाले, "सूर खरा हाय. पर बैठकीत बसावंच लागतं. पुढच्या महिन्यात हितं जवळ मुरुडला बैठक हाय, तिथं ये, बसून वाजव."

सुताराकडून हातभर उंचीचा चौरंग करून घेतला, पाय खाली सोडून बसण्यापुरता, म्हणजे भोंगा मोकळा राहील. मुरुडला त्यावर बसून तीच गत वाजवली आणि बँड सोडला. पुढं बरीच वर्षं लोक म्हणायचे, याला लई गर्व, सगळ्यांपेक्षा उंच बसतो. म्हणू दिलं. गत बांधताना राग, ताल, सूर सगळं दहादा तपासलं होतं. ती बसून वाजवायची आहे, तेवढं एक पाहिलं नव्हतं.