विमानाचं इंजिन गार करण्याचे घरगुती उपाय

आमच्या शेडात दोन गोष्टी रोज साचायच्या : इंजिनाखाली काळं तेल आणि इंजिनाभोवती वडीलधाऱ्यांचे सल्ले. तेल निदान फडक्यानं पुसता यायचं!

निजामसरकारच्या बीडमध्ये घरी विमान बांधणारे आम्ही दोघंच. एक मी. औरंगाबादच्या शाळेत मास्तरांना विचारलं, विमान हवेत राहतं कसं? ते म्हणाले, "साहेबाच्या अकलेनं." दप्तर तिथंच सोडून आलो. दुसरे उस्मानमिस्त्री, मोटारी दुरुस्त करणारे. लाकडी सांगाडा आम्ही ठोकलेला, इंजिन मात्र तलवाड्याच्या मामांच्या मोडक्या मोटारीचं. मामांनी अट घातली होती, "दसऱ्यापत्तुर माझ्या डोळ्यांदेखत उडवा. न्हाई जमलं तर इंजन पिठाच्या गिरणीला, आन् गिरणीवर तू!"

आणि इंजिन तर पाच मिनिटांत उकळायचं. पंख्यामागच्या रेडिएटरमधून वाफेचा असा फवारा, की शेजारच्या म्हशी दावं तोडायच्या.

*

पहिला उपाय आमच्या वडिलांचा. तहसिलीत कारकून. उभा जन्म लोकांचे अर्ज थंड करण्यात गेलेला, त्यामुळं थंडपणावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटायचं.

एका सकाळी इंजिन दोनच मिनिटांत उकळलं. टोपण उघडलं तर आत बुळबुळीत लगदा!

"बाबा, ह्यात काय घातलंत?"

"सब्जा. मूठभर. पोटाची आग इझते, मग इंजनाची कावून इझू न्हाई?"

बी फुगून नळ्यानळ्यांत बसलेलं. तारेनं कोरून काढायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बाबा दारात उभे : "काय, गुण आला का?"

*

मग आले एक पेन्शनर ओव्हरसियर. जन्मभर पूल बांधले, त्यातले काही उभेही आहेत. म्हणाले, "इंजनावरच्या पत्र्याचं पुढचं भोक लहान हाय. मोठं करा, हवा जादा जाईल." केलं मोठं. इंजिन आणखी तापलं!

मिस्त्रींनी वाद घातला नाही. घरून लोबान आणला, धुपाटण्यात पेटवला आणि पंखा हळू फिरवत धूर भोकापुढं धरला. धूर आत गेला, घुटमळला आणि त्याच भोकाच्या कडेनं बाहेर आला.

"देख बे," मिस्त्री मला म्हणाले, "पाव्हणा घरात घेतलास, पन मागचं दारच न्हाई. त्यो जाईल कुठून?"

आम्ही खालून, मागच्या बाजूला पत्रा कापला, त्याला बाहेर झुकलेला ओठ दिला. धूर सुसाट निघाला. ओव्हरसियर चिडले. "सरकारी नकाशात भोक पुढंच असतंय!"

मिस्त्री म्हणाले, "सरकारात समदं पुढूनच आत जातंय, साहेब. भायेर काय येताना कवा बघितलंत?"

*

तरी थोडी हवा रेडिएटरच्या कडांच्या फटीतून निसटायची. जाड, मऊ काहीतरी ठासायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मामा तलवाड्याहून घोडीवर आले आणि परत जायच्या वेळी आरडाओरडा.

"खोगिराखालचा नमदा कुठाय?"

"रेडिएटरला लावला, मामा."

"मग घोडीला काय लावू?"

"तिला गार करायचं न्हाई ना आपल्याला," मी म्हणालो. मामा पाच कोस पायी गेले, लगाम हातात धरून. मोठ्यांना असं चालताना बघून बरं वाटतं.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चाचणी. मामांनी पूजा मांडली आणि झेंडूचा मांडीएवढा जाड हार थेट रेडिएटरच्या तोंडावर! मी काढायला गेलो तर बाबांनी हात धरला. "देवाच्या हाराला हात लावतो?"

इंजिन उकळलं. फुलं वाफेत शिजली. सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू देव माझ्यामुळंच कोपलेला.

मिस्त्रींनी लई अदबीनं विचारलं, "मामासाब, देव निस्ता पुढंच बसतोय का? शेपटाकडं न्हाई?"

मामांना पटलं. नवा हार शेपटीला घातला. मग झाडून सगळी वडीलधारी मंडळी रांगेनं शेपटीच्या पाया पडली!

*

दसऱ्याला माळावर मामा बैलगाडी घेऊनच आले, इंजिन न्यायला. म्हणाले, "उडशील रं. पन वर पानी उकळलं तर इंजन माझ्या गाडीत. आन् उकळलं का न्हाई, हे कोन सांगनार? तू आन् मिस्त्री, एकाच माळेचे मनी!"

मिस्त्रींनी कोंबडीचं अंडं काढलं, जाळीत बांधून रेडिएटरच्या तोंडातून पाण्यात सोडलं, टोपण घट्ट केलं. "पानी उकळलं तर अंडं दगड होऊन निघंल. निस्तं कोमट ऱ्हायलं तर पातळच ऱ्हाईल."

"पन ते मी सोता फोडनार," मामा म्हणाले. "तुमचा भरोसा न्हाई!"

मी उडालो. बिंदुसरा नदीवरून एक फेरी, दहा मिनिटं. खाली उतरलो तेव्हा वाफ कुठंच नव्हती. मिस्त्रींनी जाळी काढली. शंभर माणसं घोळका करून उभी. मामांनी अंडं उपरण्यात धरलं, गाडीच्या चाकावर आपटलं. पिवळं-पांढरं ओघळत मनगटावरून थेट कोपरापर्यंत गेलं, सणाच्या शेरवानीत शिरलं.

मामा हाताकडं बघत राहिले. मग मिस्त्रींच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्री, हे शिजलेलं हाय का कच्चं? आमी जन्मात कवा खाल्लं न्हाई!"

गाडीवानानं कुणालाच न विचारता रिकाम्या गाडीला बैल जुंपले.